उताराचे खुंटे

मु. सारंगखेडे
पौष शुद्ध प्रतिपदा, ता. २ जानेवारी १९३८

चिरंजीव इद्रिस यास गिरधरकाकाचे अनेक आशीर्वाद, आणि तुमच्या रीतीप्रमाणे सलाम.

इकडे मी आणि तुझी रंजनाकाकू, दोघं देवाच्या दयेनं बरे आहोत. सुरतेत तू, सूनबाई आणि लेकरं खुशाल असाल. थंडी यंदा हाडात शिरली आहे. कापसाची दुसरी वेचणी उरकत आली, तूर अजून उभी आहे. म्हशीला पारडी झाली. घोड्यांचा बाजार बरा भरला, पण लोक म्हणतात पूर्वीची जनावरं आता येत नाहीत. म्हाताऱ्यांना पूर्वीचं सगळंच मोठं दिसतं, ते सोडून दे.

आता मूळ गोष्टीवर येतो. येतो येतो म्हणत कापसातुरीत घुटमळतोय, हे मलाही कळतंय.

मंगळवारी दोंडाईच्याहून तार केली होती. गफूर मिस्त्री स्वतः घोड्यावर बसून गेला, त्याला घोड्यावर बसायची सवय नाही तरी गेला. तार तुला पोचली असेलच. सत्तारभाई मंगळवारी सकाळी गेला. तुमच्यात मयतीला इतकं थांबवत नाहीत, तरी गफूर म्हणाला, उद्या दुपारपर्यंत वाट पाहू, सुरतेची गाडी येईल. आम्ही बुधवारी दुपारपर्यंत नदीपल्याड डोळे लावून बसलो. दोन टांगे आले. एकात कोणी सावकार होता आणि दुसऱ्यात वऱ्हाडी. मग नेलं.

तू का आला नाहीस हे मी विचारत नाही. कारखान्याची रजा मिळाली नसेल. तार उशिरा मिळाली असेल. असं काहीतरी असेल.

दुखणं म्हणशील तर थंडीचं. दत्ताच्या यात्रेचे पहिले तीन दिवस तो दरसालासारखा पाण्यात उभा होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आला तर दात वाजत होते. रंजनाबाईनं गवती चहा आणि सुंठीचा काढा दिला, तुमच्या शेजारच्या शकीलानं शेक दिला. छाती भरली ती भरलीच. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. हे गेलंच नाही, त्याला घेऊन गेलं. शेवटचे दोन दिवस मी त्याच्याजवळ होतो. बोलणं फार नव्हतं. एकदा म्हणाला, "माठ झाकेल शे का?" मी म्हटलं, झाकेल शे. निळीच्या माठाची काळजी. बाकी मागं ठेवायला त्याच्याकडे होतं काय.

तू गाव सोडून सोळा वर्षं झाली. मधे एकदाच आलास, तुझी आई हाजराभाभी गेली तेव्हा, तेही एका दिवसासाठी. म्हणून तुझ्या बापाचं म्हातारपण कसं गेलं ते तुला ठाऊक नाही. मला वाटतं कोणीतरी ते तुला लिहून कळवावं. गावात लिहिणारे पुष्कळ आहेत, पण त्याच्या शेजारी बसलेला मीच. आणि माझं लिहिणं म्हणजे तुझीच देणगी. तू चौथीत गेलास तेव्हा तुझी फुटकी पाटी मी मागून नेली होती, आठवतं का? तिशी उलटलेला बाप्या, बैल चरायला सोडून बांधावर 'ग' गिरवत बसायचो. पुढचं आपलं आपण, पंचांगावरून आणि किराण्याच्या पुड्यांवरून. म्हणून अक्षर असं आहे, सांभाळून घे.

रंगाचं काम त्यानं शेवटपर्यंत केलं. आता बाजारात पुडीतले रंग आलेत, ते सोपे, पण दुसऱ्या धुण्याला पळतात. लग्नाचं पागोटं असलं तर लोक अजून त्याच्याकडेच यायचे. कोपरापर्यंत निळे हात. कोणी नवखा विचारायचा, हात धूत नाही का? तो म्हणायचा, "धुस ना. ज्या दिन पांढरा व्हतीन त्या दिन मले उचला."

मानमोडीच्या साली, म्हणजे अठरा सालच्या त्या तापात, त्यानं काय केलं ते तू पाहिलंस, तू तेव्हा तेरा-चौदाचा होतास. माणसं शेणीसारखी पडत होती आणि कापड मिळत नव्हतं. तेव्हापासून त्यानं दुकानाच्या वरच्या फळीवर कोरं मांजरपाट ठेवायची रीत घातली. त्याला रंग लावायचा नाही, कोणाला विकायचं नाही. गुजराचं घर असो, भिलाचं असो, तुमच्यातलं असो, ज्याच्या घरी माणूस जाईल आणि कापड नसेल त्यानं यायचं, फळीकडे बोट दाखवायचं, बोलायचंसुद्धा नाही. वीस वर्षं ती फळी रिकामी राहिली नाही. परवा वर शेवटचा तुकडा होता. तो त्यालाच पुरला.

आणि उताराचं काम. ते तर तुझ्या आजोबांपासूनचं. पावसाळा सरला, तापीचं पाणी उतरलं की नदी दरसाल आपली वाट बदलते. गेल्या साली जिथं गुडघाभर, तिथं यंदा हत्ती बुडेल. मग कोणीतरी काठी घेऊन पाण्यात शिरायचं, पायानं तळ चाचपायचा आणि गाड्यांना जिथून पलीकडून अलीकडे येता येईल तो उतार शोधायचा. त्याच्या दोन्ही अंगांना खुंटे रोवायचे, एका अंगाला लाल चिंधी, दुसऱ्या अंगाला पिवळी. दोहोंच्या मधून गाडी घातली की चाक ओलं होईल, चाकाचा आस नाही. दिवाळी झाली की यात्रेच्या आत तो हे करायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही देत नव्हतं.

पुढं ते काम पंचांनी त्याच्याकडून काढून घेतलं. ते सगळं तुला माहीत आहे, मी पुन्हा उगाळत नाही. ते पाणी वाहून गेलं.

पण काम काढून घेतल्यावर तो काय करायचा, हे तुला माहीत नाही. नावाड्यांनी खुंटे रोवायला सुरुवात केली. हा यात्रेच्या दिवशी पहाटे धोतर खोचून पाण्यात जायचा आणि उताराच्या अवघड जागी कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा. खुंट्याच्या शेजारी माणूस. गाडी आली की हात करायचा, "डावे घाल, डावे. हां. चाल." तीन दिवस, दिवस मावळेपर्यंत. सोळा यात्रा. एकदा मी म्हटलं, अरे खुंटे आहेत ना आता. तर म्हणाला, "खुटाले इचारं तर तो सांगस का?"

पलीकडच्या गावांच्या बाया गाडीतून थट्टा करायच्या. "काय हो रंगारीभाऊ, बगळा व्हयनात का आते?" तो म्हणायचा, "बगळाच शे, माय. पन मासा नही, गाड्या धरस." एकदा इंदुराकडचा एक व्यापारी उंची घोडा घेऊन आला. घोडा पाण्यात पाऊल टाकेना, मालक चाबूक मारतोय, शिव्या देतोय. सत्तारभाई पाण्यातून ओरडला, "घोडाले कसाले मारस? त्यानी अक्कल ठिकाने शे. तू उतर खाले, तो येस." मालक उतरला आणि घोडा खरंच सत्तारच्या मागं मागं शेळीसारखा आला. सगळा काठ हसला. तो हसला नाही. पुढच्या गाडीकडे बघत होता.

चाळिसावं फेब्रुवारीच्या सहा तारखेच्या सुमाराला येईल. मशिदीत गफूर सगळी व्यवस्था करील, घरचं मी बघेन. पण लेकाशिवाय चाळिसावं म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. तू ये. दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे. माठ झाकलेलेच आहेत.

सूनबाईला आशीर्वाद, लेकरांना पापे. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा
गिरधरकाका


मु. सारंगखेडे
ता. २० जानेवारी १९३८

चि. इद्रिस यास आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. चार ओळींचं. तू लिहितोस, "खुंटे अब्बांनीच रोवले होते, चूक त्यांचीच होती. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. गाडीबुडव्याचा पोरगा म्हणून मी कोणत्या तोंडानं त्या गावात येऊ? चाळिसावं तुम्हीच करा. तुम्ही त्यांना भावासारखे."

शेवटची ओळ मी रंजनाबाईला वाचून दाखवली नाही.

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा चुलीत घातलं. चौथ्यांदा बसलोय. ऊन चांगलं पडलंय, म्हातारी शेतात गेली आहे, घरात माशी बोललेली ऐकू येईल. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं, ते पाणी वाहून गेलं. खोटं लिहिलं. ते पाणी माझ्या अंगणातच तुंबून आहे.

एकवीस सालची यात्रा. तू सोळा-सतराचा. त्या साली उतार अगदी माझ्या टरबुजाच्या वाडीच्या कडेनं आला होता. पाणी ओसरलं की नदीच्या वाळूत आम्ही खड्डे करतो, त्यात खत घालतो आणि टरबूज लावतो, हे तुला माहीत आहे. ते खत मी त्या साली डोक्यावरून वाहिलं होतं, बैल आजारी होता म्हणून. बी उगवलं होतं, चार-चार पानं झाली होती. आणि यात्रेच्या दोन दिवस आधीपासून येणाऱ्या गाड्या उतारातून वर निघताना कोपरा मारायच्या आणि माझी वाडी तुडवायच्या. मी सत्तारभाईकडे गेलो. म्हटलं, "भो, खुटा जराशा वरते सरकाड. मन्ही वाडी जाई ऱ्हायनी."

तो म्हणाला, "गिरधरभो, वाट मी नही ठरावत. पानी ठरावस. वरते तळ पोकळ शे."

मी म्हटलं, मी बी याच नदीवर जन्मलोय. दिवाळीला मी तिथं उतरलो होतो, तळ घट्ट होता. तो हसला आणि म्हणाला, "दिवाळी गयी, भो."

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, काठावर कोणी नव्हतं, लोक जेवायला गेलेले. मी पाण्यात उतरलो आणि अलीकडच्या टोकाचे सहा खुंटे उपटले, तीन लाल, तीन पिवळे. दहा-बारा पावलं वर नेऊन रोवले. मी स्वतः तिथं उभा राहिलो होतो, इद्रिस. माझ्या पायाखाली तळ घट्ट लागला होता. पण मी एकटा माणूस. भरल्या गाडीचं ओझं मी माझ्या पायानं मोजलं.

संध्याकाळपर्यंत रिकाम्या दोन-तीन गाड्या तिथून गेल्या, काही झालं नाही. मी घरी येऊन पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धानोऱ्याच्या दोधूची गाडी आली. नवसाची गाडी, तो आणि त्याची बायको मंगला, वर धान्याचं पोतं, वर यात्रेकरूंची दोन पोरं. खुंट्यांच्या बरोबर मधून त्यानं गाडी घातली, एक वीत इकडेतिकडे नाही. खालची वाळू बसली. डावं चाक गेलं, गाडी कलंडली, पुढं डोह. दोन्ही पोरं लोकांनी ओढून काढली. एक बैल गेला. मंगला जुवाखाली अडकली होती. तिला वर काढली तेव्हा तिच्या हातात नवसाचा नारळ तसाच धरलेला होता. मी हे काठावरून पाहिलं. दहा हातांवरून.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं. पण तू जे पाहिलं नाहीस ते ऐक.

लोक दोधूला धरून बसले होते, बाया रडत होत्या, कोणी ओरडत होतं की रंगाऱ्याला बोलवा. सत्तारभाई यात्रेतून धावत आला. आल्या आल्या तो पाण्यात शिरला. माणसाकडे गेला नाही, गाडीकडे गेला नाही. तो खुंटा रोवायचा तेव्हा बुडाशी चार दगड ठासायचा, तुला ठाऊक आहे, तूच लहानपणी वेचून द्यायचास. तो आपल्या जुन्या जागेवर गेला आणि पायानं चाचपू लागला. एका जागी थांबला. दोन पावलं पुढं गेला, पुन्हा थांबला. मला कळलं, त्याला दगड सापडले. दगड खालीच होते, खुंटे वर. मग त्यानं मान वर केली आणि काठावर माझ्या वाडीकडे पाहिलं. वाडी हिरवीगार होती, एक पान मोडलेलं नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं.

मोतीलाल पंच काठावरून ओरडला, "सत्तार, हाई खुटा तूच रोवात ना?"

त्यानं माझ्यावरची नजर काढून पंचाकडे वळवली. मग म्हणाला, "हां. मीच रोवात."

खोटं नव्हतं ते. रोवले त्यानंच होते.

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. दोधूचे भाऊबंद काठ्या घेऊन उभे होते, माझी पोरं लहान होती, ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या घडीला काही कारण नव्हतं. नुसती जीभ उचलली नाही.

त्या आठवड्यात तुझं आणि त्याचं जे झालं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. पोरं तुला गाडीबुडव्या म्हणून मागं लागत होती. तू रडत म्हणत होतास, "अब्बा, एक बार बोल दो ना, आपकी गलती नहीं थी." आणि तो म्हणत होता, "खुंटे मैंनेच गाडे थे, बेटा." तितकंच. पुन्हा पुन्हा तितकंच. हाजराभाभी मधे पडत होती. सकाळी तू गेलास. तुझी वळकटी दोंडाईच्यापर्यंत माझ्याच बैलगाडीतून गेली, आठवतं? वाटेत मी तुला म्हणालो, बापावर राग धरू नको. हे मी म्हणालो. मी.

तो का गप्प राहिला हे मला सांगता येत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं. कधी वाटतं, त्याला वाटलं असेल मीच पुढं येऊन सांगेन, आणि तो वाट बघत राहिला. असं असेल तर सोळा वर्षं फार झाली.

एकदाच काय ते बोलला. पुढच्या साली पाणी ओसरलं, मी वाळूत खड्डे करत होतो. तो काठी घेऊन आला, तळ चाचपत होता, आता त्याला कोणी सांगितलेलं नसताना. माझ्याजवळ बसला, तंबाखू मागितली, मळली. आणि नदीकडे बघत म्हणाला, "गिरधरभो, औंदा तुन्ही वाडी नालाना तोंडजोडे लाव. तठे गाड्यास्नं काम नही."

ओढ्याच्या तोंडाशी लाव, तिथं गाड्यांचं काम नाही. एवढंच. मी म्हटलं, "हां." वाडी हलवली. त्यानंतर तो रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा आणि आम्ही जगाच्या सगळ्या गोष्टी बोलायचो. लोक म्हणायचे, राम-रहीमची जोडी. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण मी सोळा वर्षं ते झाकून बसलो आणि ज्याला ते दिसत होतं तो माझ्या शेजारी बसून तंबाखू खात होता.

तो पाण्यात उभा राहायचा ते का, हे आता तुला कळलं असेल. मला पहिल्या यात्रेलाच कळलं होतं. मी दरसाल काठावर उभा राहून बघायचो. एकदाही त्याच्या जागी उतरलो नाही.

तेव्हा तुझ्या बापानं गाडी बुडवली नाही. मी बुडवली. तुला त्याच्यावर सोळा वर्षं जो राग आहे तो चुकीच्या दारावर थापा मारतोय. दार हे आहे.

उद्या धानोऱ्याला जातो. आधी दोधूला सांगतो, मग चावडीवर सांगतो. हे पत्र आधी टाकतोय, म्हणजे वाटेत पाय मागं फिरले तरी गोष्ट पुढं गेलेली असेल. मी माझ्या पायांना ओळखतो.

तू ये. माझ्यासाठी नाही. माझ्या घरी उतरू नको. पण त्याचं चाळिसावं लेकाच्या हातून होऊ दे.

लोभ असावा असं लिहायला मी जागा ठेवली नाही.

गिरधर


मु. सारंगखेडे
माघ, ता. १२ फेब्रुवारी १९३८

इद्रिस यास,

काय मायना लिहावा ते सुचलं नाही, म्हणून नाव नुसतंच.

तू आलास. मी तुला पाहिलं. मशिदीत मी मागं, चपला काढतात तिथं उभा होतो. तुझी चाल त्याच्यासारखी झाली आहे, डावा पाय जरा दाबून. तुझ्या थोरल्या पोराला तू खांद्यावर घेतलं होतंस.

दोधूला तू पाहिलंस, त्याच्याशी बोललास. मी त्याच्याकडे गेलो तेव्हाचं तुला त्यानं सांगितलं असेल, नसेल तर सांगतो. तो खळ्यात होता. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. त्यानं बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. म्हणाला, "सोळा वरीस मी त्या मानूसले शिव्या दिध्यात. यात्राले जाऊ तर तोंड फिरवीसन जाऊ. तो पानीमा उभा राहे, मले हात करे, डावे घाल डावे, आनि मी थुंकू." मग म्हणाला, "आते त्या शिव्या मी कोनले देऊ? तुले देऊ तर तू त्या लायक बी नही." मी वळलो. वेशीपर्यंत आलो तेव्हा त्यानं मागून हाक मारली. विचारलं, चाळिसावं कधी शे. मी सांगितलं. म्हणाला, "येसू. तुन्हाकरता नही."

चावडीवर मी बोललो तेव्हा मोतीलाल म्हणाला, सोळा वर्षांनी कशाला उकरतोस, मेला तो मेला. बाकीचे खाली बघत होते. आता माझ्या ओट्यावर कोणी येत नाही. ते बरोबरच आहे. संध्याकाळी तिथं बसायचं तरी कोणाबरोबर?

रंजनाबाईला मी सगळ्यात शेवटी सांगितलं. पन्नास वर्षांचा संसार, आणि तिला शेवटी. ती जात्यावर होती. दळायची थांबली नाही. पसाभर दळून झाल्यावर म्हणाली, "त्या सालनं टरबूज मीबी खादं." त्यानंतर तिनं तो विषय काढलेला नाही. भाकरी वाढते, पाणी देते. बोलणं म्हशीशी करते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र, ते.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या घरी आलास. ओट्यावर चढलास. रंजनाबाईनं तुला पाणी दिलं. तू विचारलंस, "काका कुठं आहेत?" तुला "बठ" म्हणाली आणि आत गेली. तू बसलास. बराच वेळ बसलास. एकदा घसा खाकरलास. मग उठलास, दुकानाची किल्ली कोनाड्यातून घेतलीस, आणि गेलास.

तुला वाटलं असेल, म्हातारा शेतात गेला असेल.

मी गोठ्यात होतो. भिंतीच्या अलीकडे, तुझ्यापासून चार हातांवर. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. तू शिवी द्यायला आला होतास की भेटायला, हे मला कळलं नाही, आणि ते कळण्याआधीच मी लपलो. चावडीवर पन्नास माणसांसमोर बोललो, दोधूसमोर बोललो, आणि तू एकटा ओट्यावर बसलास तर बाहेर आलो नाही. मला वाटलं होतं, एकदा सगळं बोललो की माणूस बदलतो. बदलत नाही. सवय तीच राहते.

तू आता पुन्हा येशील की नाही, मला ठाऊक नाही. हे वाचून बहुधा येणार नाहीस. न लिहिता राहिलो असतो तर तू कधीतरी पुन्हा दोन घडी येऊन बसला असतास, हेही मी समजून आहे. पण तुझ्याशी मी आजवर जे जे बोललो त्यात एवढं तरी वेळेवर खरं असावं.

मी घरी होतो, इद्रिस.

गिरधर